हैबतीचं कडं

मी मोरू गुरव. पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला आमचा गाव, आणि तिथल्या काळकाईची पूजा माझ्या घराण्याकडं. माझं तोंड फाटकं, डोकं तापट, हे पोराटोरांनाही ठाऊक हाय. आज सांगतोय ते हैबतीचं. मधेमधे माझं येईल, त्याला इलाज नाय.

हैबती पलटणीत हत्यारं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली होता. पेन्शन घेऊन गावाला आला. बोलणं कमी, काम नेटकं. सुपारी कातरली तरी फोडी सारख्या. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो. माणसानं इतकं नीट असू नये.

महाडच्या रघुवीर वकिलांनी आमच्या गावातल्या आपल्या शेताच्या राखणीला पाच बारांची बंदूक घेतली आणि ती चालवायला लायसनवर हैबतीचं नाव चढवलं. आमच्याकडं भात तयार झालं की रानडुकरं उतरायची, उभं शेत लोळवून जायची. जुनी बंदूक प्रत्येक बाराला खोलून भरावी लागायची. ही नवी तशी नव्हती. बार उडाला की त्याच्याच धक्क्यानं रिकामं काडतूस बाहेर आणि दुसरं आपोआप आत. सगळा गाव तोंडात बोट घालून बघत होता. हैबती म्हणाला, "ही लय नाजूक पोटाची हाय. हिला कायपण खायला घालून चालायचं नाय."

खरं निघालं ते. पाखरं मारायची हलकी काडतुसं घातली तर धक्का कमी पडायचा आणि रिकामं काडतूस दारातच अडकायचं. जड छऱ्यांची चालायची, पण ती पडली कागदी. आमच्या खोऱ्यातली हवा तुम्हाला काय सांगू, मिठाचं पाणी होतं. कागद दमटला की केसभर फुगायचा. जुन्या बंदुकीत असलं काडतूस अंगठ्यानं दाबून बसायचं, हिच्यात अर्ध्यावर रुतायचं.

मग हैबतीनं तांबटाकडून बंदुकीच्या नळीच्या मापाचं पितळी कडं करून आणलं. एकेक काडतूस त्यातून सोडायचं. सरळ खाली पडलं तर ठेवायचं, जरा रेंगाळलं की बाद. नवी पेटी आली की त्यातली पाच नदीकाठच्या खडकावर ओळीनं उडवायचा. एक जरी अडकलं तरी पेटी वकिलांकडं परत. पसंत पडलेली डब्यात घालून कोरड्या भाताच्या कणगीत पुरून ठेवायचा. त्याची बायको तुळजाबाई चिडवायची, "माझ्यापरीस काडतुसांची काळजी जास्त!" हा म्हणायचा, "तू अडकलीस तर तूच ओरडशील गो. हे अडकलं तर दुसऱ्या कुणाला ओरडावं लागंल."

आता माझं ऐका. रान उठवून डुक्कर मारायला निघायचं त्या सकाळी कोयते, भाले, बंदुका देवीपुढं मांडायच्या आणि गुरवानं तीर्थ शिंपडायचं, ही आमची रीत. हैबती बंदूक मांडायचा, काडतुसं नाय. म्हणायचा, "मोरू, बंदुकीवर घाल हवं तेवढं, मी पुसून घेईन. काडतुसांना पाणी नको रे." दोन वर्षं मी गिळलं. पण लोक कुजबुजायला लागले, हैबतीला देवीचं तीर्थ चालत नाय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. पाणी म्हणतो? काळकाईच्या तीर्थाला पाणी म्हणतो?

सन अठ्ठावनचा कार्तिक. हैबतीनं देवळाच्या ओट्यावर बसून सात काडतुसं कड्यातून सोडली, पिशवीत भरली आणि हाकाऱ्यांना जागा नेमून द्यायला गेला. पिशवी ओट्यावरच राहिली. मी काडतुसं ताम्हनात ओतली. पळीभर शिंपडलं असतं तरी निभावलं असतं. मी रागाच्या भरात अख्खा तांब्या रिकामा केला. आरती होईपर्यंत ती तशीच पाण्यात. मग पंच्यानं पुसली, पिशवीत टाकली. वरून कोरडी ठणठणीत दिसत होती. कुणी बघितलं नाय, आणि मला तर काय, मोठा पराक्रम केल्यागत वाटलं.

हाका सुरू झाला. हैबती बांधावर, मी त्याच्या मागं. बंदूक भरताना एका काडतुसावर त्याचा अंगठा थबकला. त्यानं कमरेचं कडं काढायला हात घातला. मी तेव्हा ओरडू शकलो असतो. शरमेनं जीभ उचलली नाय माझी. तेवढ्यात ढोल जवळ आला, झुडपं हलली आणि कडं कमरेलाच राहिलं.

पहिला बार लागला. डुक्कर बसलं, उठलं आणि वळलं ते सदूवर. सदू म्हणजे हैबतीचा पुतण्या, हातात नुसती थाळी आणि काठी. दुसरं काडतूस अर्ध्यावर रुतलं. हैबतीनं दोनदा हिसका दिला, मग बंदूक उलटी धरून लाठीसारखी घेऊन तो मधे धावला. सदू वाचला. डुकरानं हैबतीची मांडी जांघेपासून फाडली. भालेवाले पोचले, पण उशिरा.

डोलीत घालून पोलादपूरला निघालो. मी पुढचा खांदा दिला होता. उतारावर तो म्हणाला, "मोरू, माझीच चूक झाली रे. कड्यातून सोडताना एखादं सुटलं असंल माझ्या नजरंतून." मी काय म्हणालो? म्हणालो, "गप पड, बोलू नको." डांबरी रस्ता लागायच्या आत गेला तो. ते वाक्य तसंच घेऊन गेला.

गावाला काय, तोंडाला कुलूप नाय. पलटणीतला म्हणे! एवढं कडं मिरवलं आणि शेवटी अडकलंच, सदू गेला असता याच्या पायी. तुळजाबाईच्या कानावर सगळं जायचं.

पुढच्या दसऱ्याला ती कडं घेऊन देवळात आली. "गुरवदादा, देवीला कौल लावा. त्यांची चूक होती का नाय, एवढंच मला कळू द्या. कळेपर्यंत मी पायात वहाण घालायची नाय." आमच्याकडं कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. एकही पडली नाय तर देवी बोलली नाय.

चार दसरे ती आली. चारही वेळा मी सांगितलं, देवी बोलत नाय. चार वर्षं ती बाई घाटातल्या दगडांवरून, चिखलातून अनवाणी फिरली. या भाद्रपदात गवत कापताना पायात काटा मोडला, धनुर्वात झाला आणि गेली. तिरडीवर तिच्या टाचांच्या भेगा मी बघितल्या. डोळे फुटले का नाय माझे!

म्हणून सांगतोय. देवी पहिल्याच दसऱ्याला बोलली होती. डावी कळी पडली होती. तुळजाबाई डोळे मिटून, हात जोडून उभी होती. मी कळी मुठीत झाकली आणि म्हणालो, "नाय लागला कौल, वहिनी. पुढच्या वर्षी बघू."