माझं नाव उकंडा

पिकलेल्या सीताफळांचा वास आला, की धारूरला मुलगी बघायला गेलो होतो तो दिवस आठवतो.

माझ्याआधीची दोन भावंडं दगावली, म्हणून, टाकून दिलेल्या पोराकडे काळ बघत नाही या समजुतीनं, आईनं मला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून उकंडा नाव दिलं. त्या नावापायी दोन सोयरिकी फिसकटल्या होत्या.

मुलीच्या चुलत्यानं नाव विचारलं. मी मान खाली घालून सांगितलं. दाराआडून कुणीतरी फिस्सकन हसलं.

सीताफळांचं ताट ठेवता ठेवता मुलगी थांबली. "हसू नका. आमच्या भावाचं नाव दगडू ठेवलं होतं, तरी त्यो ऱ्हायला न्हाई. ह्ये जगले, लई चांगलं झालं."

माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा लग्न जमल्याचाच आनंद होता. ते नाव ठेवताना आई किती भ्याली असेल, हे मात्र आता कळतं.