डब्यावरचा पेला

लातूरच्या आमच्या क्लासमधला जुना कॉम्प्युटर म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. प्रश्नपत्रिका जुळवायचं आमचं मराठी सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालायचंच नाही, म्हणून या म्हाताऱ्याला जपायचं. इंटरनेट जोडायचं नाही, कामाची कॉपी वेगळी ठेवायची, चालू असताना प्लग उपटायचा नाही, हे नियम माझे. कॉम्प्युटरच्या डब्यावर ताटली आणि ताटलीवर स्टीलचा पेला उपडा, हा नियम सरांचा. क्लास त्यांचाच. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी अशी भांडी रचलेली असायची. जमीन हलली की खणखणाट व्हावा म्हणून.

दसऱ्याला कुणीतरी कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली. झेंडूच्या पाकळ्या जाळीतून थेट आत. दुसऱ्या दिवशी मी बटण दाबलं तर पंखा घरघरला, डबा थरथरला आणि पेला खणकन खाली. मी, सर आणि गणिताचे मास्तर अनवाणी रस्त्यावर! भूकंपानंतर जन्मलेली पोरं खिडकीतून बघत राहिली होती.

"सर, सुट्टी हाय का?" एकीनं विचारलं.

माझं टाळकंच सरकलं. आत जाऊन मशीन बंद केलं, प्लग काढला, डबा उघडला, ब्रशनं पंख्यातल्या पाकळ्या उकरल्या. परत चालू केलं तर पंखा गप्प.

"सर, आता तरी हा पेला हलवा इथून," मी म्हणालो.

"हाव, हलवतो," म्हणत सरांनी पेला उचलला आणि तो हातात धरून नुसतेच उभे राहिले. शेवटी मीच तो घेतला आणि परत ताटलीवर ठेवला, या वेळी काठाच्या जरा जवळ.