अक्काचं चालणं कुणी थांबवलं?

अक्काच्या दशक्रियेला घाटावर एका पुढाऱ्यानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, "ही माउली म्हणजे कष्टाची मूर्ती. उभ्या आयुष्यात कधी विनाकारण घराबाहेर पाऊल टाकलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, साडेतीन वर्षं ती बाई रोज सकाळी विनाकारण घराबाहेर पडत होती, म्हणून तर माणसात आली होती! वाटलं, उठावं आणि तो माइक हिसकावून घ्यावा. पण मी उठलो नाही. पाहुण्यांच्या रांगेत मान खाली घालून बसलो, कारण ते पाऊल कुणी अडवलं हे मला चांगलं ठाऊक होतं. तिला जाऊन आता पाच आठवडे झाले. राग काही उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

सुमनअक्का माझी थोरली बहीण. माझं जुन्नरला फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान, ती अवसरी बुद्रुकला दिलेली. पाचेक वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात ती बोलायचीच बंद झाली. दिवस दिवस भिंतीकडं तोंड करून पडायची. अंघोळ नाही, केसांना फणी नाही, ताटातला घास ताटात. घरच्यांनी अंगारे केले, देवऋषी केला. शेवटी मीच भांडून तिला मंचरला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. ठरल्या वेळी उठायचं, अंघोळ, वेणीफणी, वेळेवर जेवण, आणि रोज पाऊण तास चालायचं." दाजी तिथंच हसले. "आवो मॅडम, दिवसभर रानात राबती ती. आणखी चालायचं कशाला?"

हे वाक्य मी पुढं शंभर तोंडांतून ऐकलं. आमच्याकडं एक पक्का गैरसमज आहे, की राबलं म्हणजे व्यायाम झाला. वाकून वाकून कांद्याची लागण करून कंबर मोडली की मन ताजं होतं का हो? अक्कानं मला एकदा सांगितलं होतं, "बाळू, खुरपताना डोक्यात तेच तेच दळण चालू ऱ्हातंय. कोण काय बोललं, सांजच्याला काय रांधू... कालव्यानं चालाय लागलं की ते हळूहळू थांबतंय बघ. काम घरचं असतंय रं, चालणं तेवढं माझं हाय." बिबट्याच्या धास्तीनं चांगलं उजाडल्यावरच निघायची. हातात काठी, साडीखाली पोराचे जुने बूट. पारावरची माणसं टिंगल करायची, "काय वैनी, शर्यतीला का?" ती चालता चालताच म्हणायची, "व्हय, तुमी तंबाखू मळत बसा, मी बक्षीस घिऊन येते." हळूहळू ती जेवायला लागली, झोपायला लागली, मला रागवायलाही लागली. "पोट बघ तुझं, पंपाच्या टाकीवानी झालंय." डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली, तेव्हा तिनं गावात पेढे वाटले होते. कशाचे म्हणून कुणी विचारलं तर सांगायची, "माझेच!"

मग सागरच्या लग्नाचं निघालं. सागर अक्काचा एकुलता एक मुलगा, शेती करणारा. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय हे मी वेगळं सांगायला नको. दोन ठिकाणी नकार आला होता. तिसरं स्थळ पेठचं. बोलणी जुळत आली आणि कुणीतरी दाजींच्या कानात सोडलं, की तुमची बाई डोक्याच्या गोळ्या खाती, एकटीच कालव्यानं फिरती, हे पावण्यांना कळलं तर हेही स्थळ जाईल. झालं! दाजींचा मला फोन. "पावणं, तुमच्या बहिणीला तुमीच समजवा. आमचं ती ऐकत न्हाई."

आमच्याकडची ही रीतच आहे. बाईला वठणीवर आणायचं असलं की माहेरच्याला बोलावणं धाडायचं. ती नवऱ्याशी भांडेल, सासऱ्याला उलट बोलेल, पण भावाचा शब्द मोडणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मी गेलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "अक्का, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. लग्न होईपर्यंत थांब."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय रं..."

"आता मी सांगतोय ना?"

तिनं दारातले बूट उचलून आत ठेवले. मग म्हणाली, "बरं. तू म्हनतोस तर थांबते." दाजींनी खुशीत चहा मागवला, आणि मी तो प्यायलोसुद्धा. गोळ्यांची पाकिटं, डोक्याची आणि ब्लडप्रेशरचीही, पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून कणगीमागं गेली.

वैशाखात लग्न झालं. सून आली, प्राजक्ता. वाजंत्री, फेटे, सगळं साग्रसंगीत. त्यानंतर अक्काला ‘आता जा बाई फिरायला’ असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही. माझ्या डोक्यातूनच गेलं! भाऊबिजेला ओवाळताना ती म्हणाली, "आता कालव्यावर धुकं पडत असंल, न्हाई का रं?" मी म्हणालो, "हो ना, द्राक्षाला लई वाईट." तिनं ताट खाली ठेवलं. संक्रांत झाली आणि एका सकाळी दाजींचा फोन आला, "पावणं, निघा." मेंदूत रक्तस्राव. ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा तिनं कित्येक महिने घेतली नव्हती. चालत राहिली असती तर वाचलीच असती, असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण स्वतःसाठी काही करायचं असतं, हेच आम्ही तिच्याकडून काढून घेतलं.

गेल्या आठवड्यात मी अवसरीला गेलो तो भांडायलाच. अंगणात उभा राहून दाजींवर तोंडाला येईल ते बोललो. तुम्ही घालवलंत तिला, असंही म्हणालो. प्राजक्ता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"मामा, तात्यांवर नका ओरडू. माझ्या माहेरी लग्नाआधीच सगळं ठाऊक व्हतं. गोळ्यांचं, फिरण्याचं, सगळं. म्हणून तर मी हो म्हणाले. म्हटलं, जिथं सासू रोज फिरायला जाती, तिथं मलाही जाता येईल."

मी ओरडलोच, "मग हे तिला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! आठव्या दिवशीच सांगितलं. आई, चला, दोघी जाऊ, असं रोज म्हणायचे मी. त्यांचं एकच. बाळूला शब्द दिलाय, तो येऊन सांगंल तवा जाऊ. भाऊबिजेला तुमी येणार म्हणून दोन दिवस नुसत्या वाट बघत व्हत्या..." तांब्या तिनं माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

"एकदा नुसतं ‘जा’ म्हणायचं व्हतं, मामा."