वैनीचा डबा

आज सकाळी सुमनवैनी गेली, आणि मी फॅमिली ग्रुपवरचे मेसेज वाचतेय.

"हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपलं."

"प्रेमळ काकू, आरआयपी."

हसतमुख? तुमच्यापैकी कोणी तिला हसू दिलं होतं?

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सत्तरच्या दशकात लग्न होऊन आमच्या नागपूरच्या घरात आली आणि थोड्याच दिवसांत तिचं पोट बिघडलं ते कायमचं. घडीघडी संडास, त्यात रक्त.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा. औषधं जन्मभर.

घरात मात्र त्या दुखण्याला नाव नव्हतं. "सुमनचं ते" म्हणायचे आणि नाक मुरडायचे.

दर मे महिन्यात सगळं घर पचमढीला जायचं. वैनी मागे. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपत, एकटी.

मला म्हणायची, "कुंदा, मले मे महिन्यात एकदा थंडी वाजली पायजे वं. अंगावर शाल घेतली पायजे. बस, येवढंच."

एका वर्षी दादा कसाबसा तयार झाला. म्हणाला, चल.

वैनीने आदल्या दिवसापासून जेवण सोडलं. नुसती भाताची पेज. आणि एक डबा भरला. तुपाचा रिकामा डबा, घट्ट झाकणाचा. आत जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे, रद्दी कागद, साबणाची वडी.

मी विचारलं, "बसमध्ये हा वापरशील तू?"

"नाई वं. हा असला की लागत नाही. नसला की लागते."

माहेरी जातानाही तो डबा सोबत असायचा. वापरायची वेळ कधी आली नव्हती. पण तो जवळ नसला की तिला घराचा उंबरठा ओलांडवत नसे.

सावनेर मागे पडलं आणि नानाकाकांना भूक लागली. नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, सहलीचे स्वयंघोषित पुढारी.

दादा झोपेत म्हणाला, "डबा सुमनच्या सीटखाली आहे, घ्या."

सीटखाली दोन पिशव्या होत्या. पुरी-भाजीची एक आणि ही एक.

काकांनी नेमका तो डबा काढला. झाकण उघडलं. चिंध्या पाहिल्या.

"हे काय आहे वं, सुमन?"

वैनीची मान खाली. "तो माझा डबा आहे, काका. कोरा आहे."

काकांना उलगडा झाला. "छी छी छी! खायच्या डब्यापाशी हे? काहून आणलं?"

आणि चालत्या बसच्या खिडकीतून डबा भिरकावून दिला.

आता ऐका. हेच काका सकाळपासून त्याच खिडकीतून तंबाखूच्या पिचकाऱ्या मारत होते. मागच्या सीटवरच्या बाईच्या पदरावर थेंब उडाले होते. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी बस थांबवायला लावली होती आणि रस्त्याच्या कडेला, सगळ्यांदेखत, पायजम्याची नाडी सोडली होती. हात न धुता वर आले. आणि आता त्याच हाताने पुऱ्या खाल्ल्या.

त्याची कोणाला किळस आली नाही.

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. माझा सख्खा भाऊ आहे तो, तरी लिहिते. षंढ.

वैनीचा चेहरा पांढराफटक झाला होता. माझं मनगट धरून म्हणाली, "कुंदा, लागली वं."

मी कंडक्टरला सांगितलं. "अभी तो रोकी थी, बाई. सौंसर में उतरना."

माझ्या मनगटावरची बांगडी तिच्या मुठीत पिचली.

सौंसरच्या स्टँडवर उतरलो. संडासाला दार होतं, कडी नव्हती. आत घाण, माशा, वर वास असा की डोळ्यांत पाणी यावं. तिथपर्यंत पोचायच्या आत जे व्हायचं ते होऊन गेलं.

नळाशी मी चादर धरून उभी राहिले. ती आडोशाला लुगडं धूत होती. पलीकडे पुरुषमंडळी चहा पीत होती आणि बघतही होती.

काका म्हणाले, "तिले परत धाडा. गाडीत वास येईन."

दादाने तिची पिशवी खाली दिली. बस गेली. आम्ही दोघी नागपूरच्या गाडीत बसलो.

पुढच्या मे महिन्यात मी कोणाला न विचारता आम्हा दोघींची तिकिटं काढली. नवा डबा आणला. तिने तो पिशवीत नाही, मांडीवर घेतला.

शेजारच्या बाईने विचारलं, "डब्यात काय आहे?"

"माह्या जिवाची शांती," वैनी म्हणाली.

घाट लागला. वळणावळणाला तिची बोटं झाकणावर घट्ट होत होती. ओठ हलत होते. "असला की लागत नाही. असला की लागत नाही."

नाही लागली.

संध्याकाळी पचमढीत वारा सुटला. तिने शाल गुंडाळली, दात वाजवून दाखवले आणि ओरडली, "वाजली वं कुंदा! थंडी वाजली!"

आणि इतकी हसली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

ते हसणं मी पाहिलंय. ग्रुपवरच्या एकानेही नाही.

आज तिला अंत्यविधीसाठी घाटावर न्यायला गाडी आली. तोंडात गंगाजल, तुळशीचं पान. अंगावर मी तीच शाल घातली. मग तिच्या कपाटातला डबा काढला आणि गाडीत ठेवायला गेले.

नानाकाकांचा मुलगा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "कुंदाताई, हे काहून? घाण वाटते."

अगदी बापाचा आवाज.

म्हटलं, "कोरा आहे."

वैनीच्या मुलाने, अजयने, माझ्या हातून डबा घेतला आणि आईच्या पायाशी नीट टेकवून ठेवला.

वैनी, आजही घाटाचाच रस्ता होता.

बिनघोर जा वं.

असला की लागत नाही.