नवाबाची घोंगडी

हट्टा गावचा मसाजी घोडेस्वारांच्या रिसाल्यात भरती झाला तेव्हा गावाला सगळ्यांत जास्त कीव आली ती घोड्याची. मसाजीच्या घरी तीन पिढ्या मेंढरं. घोडा त्यानं पाहिला होता तो तहसीलदाराच्या बुडाखाली, तोही लांबून. हिंगोलीला भरतीच्या साहेबानं विचारलं, घोड्यावर बसतोस का? मसाजीनं खरं ते सांगितलं की मेंढ्यावर बसलोय, दोनदा पडलो. साल चाळीस, लढाई पेटलेली, माणसं हवी होती. साहेबानं छाती मोजली आणि घेतला.

त्यांच्या घरची एक रीत होती. कुणी लांब निघालं की त्याच्या नावानं एक कोकरू सोडायचं. त्या माणसानं परत येऊन पहिली कातर लावेपर्यंत कोकराच्या लोकरीला कुणी हात लावायचा नाही. आजवर लांब म्हणजे माळेगावची जत्रा, त्यामुळे या रीतीनं कुणाला तकलीफ दिली नव्हती. मसाजीच्या आईनं, बनाबाईनं, एक काळं कोकरू सोडलं. होळीला रजा आहे, येतो आणि कातरतो, असं सांगून मसाजी गेला.

रिसाल्यात त्याला एक चावरा तांबडा घोडा मिळाला. त्यानं त्याचं नाव नवाब ठेवलं. निजामाच्या राज्यात घोड्याला नवाब म्हणू नये, असं दफेदारानं प्रेमानं आणि मग बुटानं समजावलं. तेव्हापासून कवायतीवर ‘सतरा नंबर’ आणि तबेल्यात ‘नवाब’.

मेंढरं थांबवायची एक हाक त्यांच्या घरात आहे. जीभ टाळूला लावून लांबलचक टर्रर्र, आणि शेवटी बारीक शीळ. गावात दुसऱ्या कुणाला ती जमत नाही. मी एकदा करून पाहिली, तर आमच्या म्हशीनं दावं तोडलं. मसाजी रोज सांजेला तीच हाक देऊन रांगेतल्या सगळ्या घोड्यांना चंदी घालायचा.

होळीच्या आठ दिवस आधी मोठा साहेब तपासणीला आला. चाळीस घोडे भरधाव सुटलेले, आणि समोरून मेंढरांचा कळप मैदानात घुसला. मसाजीच्या तोंडातून हाक आपोआप निघाली. कळप थांबला. चाळीस घोडेही जागच्या जागी थांबले. स्वार मात्र थांबले नाहीत. रिसालदार तर साहेबाच्या पायाशीच पोचला. मसाजीची रजा गेली, महिनाभर लीद उचलायची शिक्षा झाली. त्यानं पत्रात लिहिलं, ‘मेंढरं वाचली.’ पुढची रजा यायच्या आत रिसाला समुद्रापार गेला.

तिथून पत्रं यायची. मुलखाचं नाव सरकारनं काळ्या शाईनं झाकलेलं, नवाबची खुशाली मात्र मोकळी. इकडे कोकराचा मेंढा झाला. तीन वर्षांची लोकर अंगावर, डोळ्यांवर झापड. घरातल्या प्रत्येक खांबाला त्यानं एकदा तरी टक्कर दिली. भावकीनं सांगितलं, कातरून टाक. बनाबाई म्हणाली, ‘‘मी कातर लावली म्हंजी तो येनार न्हाई, असं मीच म्हनल्यावानी व्हतंय.’’

मग सरकारी कागद आला. मी तो वाचून दाखवला. तिनं तो घडी करून देवळीत ठेवला आणि मेंढ्याला कुणाला हात लावू दिला नाही. सरकारचं चुकत असतं, म्हणाली.

दोन महिन्यांनी कनेरगावचा अमरसिंग रजेवर आला. मसाजीच्याच रांगेतला स्वार. त्यानं सांगितलं ते असं. सकाळी घोडे पाण्यावर नेले होते, वरून विमानं आली. घोडे उधळले ते थेट सुरुंग पेरलेल्या माळाकडे. बाकीचे जमिनीला चिकटले. मसाजी उघड्यावर उभा राहिला आणि त्यानं हाक दिली. घोडे थांबले, वळले. तेवढ्यात त्याला बॉम्बचा तुकडा लागला. बावीस वर्षांचा होता.

बनाबाईनं एवढंच विचारलं.

‘‘घोडे आले का समदे?’’

‘‘आले, मावशी. नवाब त्याच्यापाशीच उभा होता. हलंना.’’

तेव्हा ती रडली. आम्हीही. त्या गडबडीत मेंढा सुटला आणि डोळ्यांवरच्या लोकरीमुळे सरळ विहिरीकडे निघाला. आम्ही नुसते ओरडलो. अमरसिंगाची जीभ मात्र टाळूला लागली. टर्रर्र, शेवटी शीळ, बराबर मसाजीसारखी. मेंढा विहिरीच्या काठाशी थांबला.

बनाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

‘‘तुला कुनी शिकवली रं?’’

‘‘त्यानंच. आमी समदेच शिकलो. नाहीतर घोडे आमचं ऐकत नव्हते.’’

ती आत गेली आणि कातर घेऊन आली. ‘‘हाक येती म्हंजी तू घरचाच झाला. लाव.’’

अमरसिंगानं जन्मात मेंढरू कातरलं नव्हतं. तासाभरानं मेंढा असा दिसू लागला की जणू न्हावी अर्ध्यातून पळाला असावा. बनाबाई त्याच्याकडे बघून हसली. कागद आल्यापासून पहिल्यांदा.

वसमतच्या सणगरानं त्या लोकरीची घोंगडी विणली. ती अमरसिंगानं पांघरावी असं आम्हाला वाटलं. रजा संपून तो निघाला तेव्हा बनाबाईनं त्याला बजावलं, ही नवाबच्या पाठीवर टाकायची.

चार महिन्यांनी त्याचं पत्र आलं, मी मोठ्यानं वाचलं. मसाजी गेल्यापासून नवाब पाठीवर दुसऱ्या कुणाच्या हातचं पांघरूण ठरू देत नव्हता. ही घोंगडी त्यानं आधी चांगली हुंगली, मग कोपरा चावून भोक पाडलं, आणि पांघरून मुकाट उभा राहिला. मसाजीच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या त्यानं अशाच खाल्ल्या होत्या.

बनाबाईनं तो भाग दोनदा वाचायला लावला.

‘‘वळखलं म्हना की,’’ ती म्हणाली, आणि मेंढ्याला पाणी दाखवायला उठली.