उलट्या शेवटाची प्रत

तिच्याबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणालाही विचारा. अख्खं वाचनालय सांगायला तयार बसलंय. मी तिच्याबरोबर नऊ वर्षं काम करतेय आणि नऊही वर्षं माझा तिच्यावर जळफळाट झालाय. मध्ये दोन महिने मनगट मोडून घरी होते, तेव्हा घरी बसून जळत होते.

ती काउंटरवर बसते. मी मागच्या खोलीत पुस्तकं शिवते. माझ्या खोलीत एक पत्रा ठोकलेलं टेबल, खळीचं पातेलं, टोचा, दोऱ्याची रिळं आणि पुस्तकांच्या कडा कापायचं मशीन. आमच्या दोघींमध्ये एक हिरवं दार आहे आणि त्या दाराला वीतभर गोल काच. त्या काचेतून मला तिची पाठ दिसते, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल दिसते, आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या लोकांचे चेहरे दिसतात. ते सगळे हसत असतात. माझ्याकडे येतात ती पुस्तकं, तीही फाटल्यावर.

आमच्याकडे मतांची वही हा प्रकार तिनेच काढला. पुस्तक परत केलं की वहीत निदान एक ओळ लिहायची, मगच दुसरं पुस्तक मिळणार. शाळेत कधी पत्र न लिहिलेली माणसं काउंटरला टेकून पेन चावत उभी राहतात. ती घाई करत नाही. "कसं वाटलं?" एवढंच विचारते आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबते. लोकांना याचं इतकं अप्रूप! मी थांबते तेव्हा मला कुणी विचारत नाही, कारण मी थांबते ती खळ वाळायची.

घरीही सुटका नाही. सासूबाई एकदा पुस्तक बदलायला आल्या आणि तेव्हापासून "किती शांत बोलते गं ती!" हे मला ऐकवण्याचा त्यांनी नेमच धरलाय. म्हणजे मी कशी बोलते ते त्यांनी न सांगताच सांगितलं. आणि माझी मुलगी तर तिला काउंटरमावशी म्हणते. "आई, मावशीचं नवीन मत वाचलंस?" असं विचारते. स्वतःच्या आईने पाठ शिवलेलं पुस्तक हातात धरून विचारते.

आता त्या कादंबरीचं सांगते, कारण तिच्यापासूनच हे वाढलं.

मी लागले तेव्हा ती कपाटात पडून होती. विज्ञानकथा, तीही थरारक, पण आमच्याकडे तेव्हा ती फक्त वाळवी वाचत होती. समुद्राच्या तळाशी एक संशोधन केंद्र. हवा संपत आलेली. आई बिघाड शोधायला बाहेर गेलीय, आत तिची मुलगी एकटी, आणि केंद्रातलाच कुणीतरी दोघींच्या जिवावर उठलेला. माझ्या हाती आलेलं ते दुसरंच मोठं काम. वाळवीने खालच्या कडा खाल्ल्या होत्या, म्हणून मी सगळे टाके उसवले, कडा कापल्या, नवा पुठ्ठा घातला आणि पुन्हा शिवलं. चांगलं शिवलं होतं. साहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रंथपालांनी, पुस्तक उघडून पाहिलं आणि मान हलवली. त्या महिन्यात मला मिळालेली ती एकच मान.

आठवड्याभरात तिने त्या कादंबरीवर मत लिहिलं. चांगलं पानभर, वेगळ्या कागदावर लिहून वहीत चिकटवलेलं. आई परत येते, दोघी गरम पाण्याचे पेले धरून बसतात, ते प्रकरण म्हणजे मुलीच्या मनातलं स्वप्न आहे, आणि लेखक हे कुठेही सांगत नाही, असं तिने लिहिलं होतं. शेवटच्या प्रकरणात मुलगी अजून त्या लोखंडी दारापाशीच उभी असते, रेडिओवर कुणी बोलत नाही, आणि पुस्तक तिथेच संपतं. "तिला दारात उभं ठेवून लेखक निघून गेला. त्याला वाईट वाटलं असेल," हे तिचं शेवटचं वाक्य.

झालं. जो तो तीच कादंबरी मागू लागला. आमच्याकडे एकच प्रत, तिच्यासाठी नंबर लागले. वाचून आले की लोक वहीत तिच्या मतावर मत लिहीत. माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर तिचं मत छापून आलं, फोटोसकट. ते कात्रण मुलीने आमच्याच फ्रीजवर लावलं. दूध काढताना रोज मला ती अंबाड्यातली पेन्सिल दिसायची.

मग सिनेमा आला. लोक पाहून थेट वाचनालयातच आले, भांडायला कुणीतरी हवं म्हणून. जमीन मोजणीतून निवृत्त झालेले काका आहेत, त्यांनी लिहिलं, "आई परत येते, व्हायोलिन वाजतं, दिवे लागतात. शेवट बदलायची परवानगी यांना कुणी दिली?" त्यानंतर मोबाइलवर आठ भागांची मालिका आली. तिच्यातही आई परत आली. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, "मालिकेतली मुलगी आठही भाग रडते, मी एकदाही रडलो नाही. पुस्तकात उलट झालं होतं." शिलाईवाल्या बाईंनी फक्त लिहिलं, "समुद्राखालचं यंत्र आमच्या दुकानातल्या इस्त्रीसारखं दिसतं." पण सगळ्यांचा सूर एकच. सिनेमा खोटा, मालिका खोटी, आणि आपल्या काउंटरबाईंनी म्हटलं तेच खरं.

या वर्षी साहेबांनी खटपट करून खुद्द लेखकालाच बोलावलं. शनिवारी दुपारी सभा. तिने स्टेजवर मत वाचायचं आणि लेखकाला विचारायचं की शेवट का बदलू दिला. ती आढेवेढे घेत होती. "मला नको, काकांना सांगा," म्हणत होती. मी काचेतून पाहत होते आणि मनात म्हणत होते, काय पण भाव खातेय!

सभेसाठी साहेबांनी नवी प्रतही मागवली. मुखपृष्ठावर सिनेमातली नटी. कव्हर घालायला ती बुधवारी माझ्याकडे आली. मी सवयीने शेवटची पानं चाळली आणि खुर्चीत बसले. नव्या प्रतीत मुलगी आधी दारात उभी होती. आई त्यानंतर परत येत होती. पुस्तक गरम पाण्याच्या पेल्यांवर संपत होतं.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं असतं, एकेका घडीला आम्ही फर्मा म्हणतो. शेवटची दोन प्रकरणं नेमकी एकेका फर्म्यात बसत होती. प्रकरणांना नावं होती, आकडे नव्हते. पानांचे आकडे तळाशी होते आणि वाळवीने खाल्लेल्या कडांबरोबर मीच ते मशीनवर कापून टाकले होते. मी दोन फर्मे उलटे शिवले होते. नऊ वर्षं अख्खं वाचनालय माझी चूक वाचत होतं आणि वाहवा तिची करत होतं!

खरं सांगते, मला आनंद झाला. माझी चूक कबूल करावी लागणार होती, पण आता मी कायम झालेली बाई, मला कोण काढतंय? मी ठरवलं, शनिवारी तिने मत वाचून संपवलं की मागच्या रांगेतून उठायचं, नवी प्रत वर धरायची आणि भर सभेत म्हणायचं की काउंटरबाईंनी ज्याचं कौतुक केलं ती शिवणीतली चूक आहे, आणि त्यांना ती कळलीसुद्धा नाही. नवी प्रत मी माझ्या पिशवीत टाकली. तीन दिवस मी घरी इतकी गोड वागले की सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

शनिवारी सकाळी तिने हिरवं दार ढकललं आणि मतांची पहिली वही माझ्या टेबलावर ठेवली. "पाठ सुटलीय गं. दुपारच्या आत होईल?" म्हणाली आणि गेली.

मी वही उसवली. तिच्या त्या प्रसिद्ध मताचं पान हाताला जाड लागलं. कागद वाकडा चिकटवलेला, डिंक स्टेशनरीतला, कोपऱ्यात फुगे. इतक्या वर्षांत तिला कागद चिकटवता येत नाही हे पाहून बरं वाटलं. ओलं फडकं ठेवून मी तो अलगद उचलला. खाली दुसरंच मत होतं.

सही बदलीवर आलेल्या एका अधिकाऱ्याची होती. माणूस दोन महिन्यांत पुन्हा बदलून गेला होता, मला त्याचा चेहराही आठवत नव्हता. "ही कादंबरी मी पूर्वी वाचली आहे. शेवटची दोन प्रकरणं उलटी शिवली आहेत. असं काम करणाऱ्या व्यक्तीस कामावर ठेवू नये. समितीने नोंद घ्यावी." खाली तारीख. मी लागून तेव्हा सहा आठवडे झाले होते. तीन महिने तात्पुरती होते, आणि वही दर महिन्याला समितीपुढे जात असे. घरी आमचे हे वेल्डिंगमध्ये हात भाजून बसलेले, मुलगी अंगावर पिणारी.

चहाच्या वेळी मी ते पान घेऊन काउंटरवर गेले. समोर कुणी नव्हतं.

"हे तुम्ही झाकलंत?"

तिने पान पाहिलं, पेन्सिल काढून पुन्हा खोचली. "निघालं का? तुझ्या हातात दिली तेव्हाच वाटलं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी साहेबांकडे जाऊन कबूल केलं असतंस. तुझ्या पोटात काही राहतं का?"

"म्हणजे ते सगळं मत खोटं?"

"खोटं कसं? मी दोन्ही तऱ्हांनी वाचलं. एकदा त्यांच्या क्रमाने, एकदा तुझ्या. तुझा जास्त आवडला, तसं लिहिलं."

"आणि आज? तो माणूस म्हणेल, हे माझ्या पुस्तकात नाही."

"म्हणू दे. मला असं वाटलं म्हणेन. वाचणाऱ्याला काय वाटेल ते वाटतं." मग म्हणाली, "जा, वही वाळायला ठेव."

मला तिचा इतका राग आला की पुन्हा दार नीट लावायचंही सुचलं नाही. नऊ वर्षं मी जिच्या नावाने बोटं मोडली तिने नऊ वर्षं माझ्यावर उपकार करून ठेवले होते, तेही मला न विचारता!

सभेला खुर्च्या कमी पडल्या. सासूबाई आणि मुलगी पहिल्या रांगेत, तिला बघायला. मी मागे, मांडीवर पिशवी, पिशवीत नवी प्रत. तिने मत वाचलं, न थांबता, न चढवता. मग विचारलं, की सिनेमात आणि मालिकेत शेवट का बदलू दिलात?

लेखक जाडजूड, हसरा माणूस. तो माईकजवळ वाकला. "बाई, मत फार सुंदर आहे," तो म्हणाला, "फक्त ती कादंबरी माझी नाही. माझ्या कादंबरीत आई परत येते. तुमची शेवटची पानं वाचायची राहिली वाटतं!"

सभागृह हसलं. तिला डोक्यावर घेणारे काका हसले, डॉक्टर हसले. माझी मुलगी वळून मला शोधू लागली, तिचा चेहरा पडला होता. नऊ वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होते आणि तो आला तेव्हा मी पिशवीचं तोंड आवळून धरलं. ती कागदाची घडी घालत होती. "मला असं वाटलं," एवढंच म्हणाली. मागच्या रांगेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी उठले. "त्यांनी नीटच वाचलंय," माझा आवाज किरटा निघाला. "पुस्तक मी उलटं शिवलंय. शेवटचे दोन फर्मे. चूक माझी आहे. त्यांना माहीत होतं, मला वाचवायला त्या गप्प बसल्या."

लेखकाने जुनी प्रत मागितली. उभ्याउभ्याच आधीचं प्रकरण चाळलं आणि शेवटचं सावकाश वाचलं. लोक खाकरले, खुर्च्या वाजल्या. शेवटच्या पानावर तो बराच वेळ थांबला. मग त्याने पुस्तक मिटलं. त्याचं हसू गेलं होतं, आणि त्या जागी जे आलं होतं ते मी लांबूनही ओळखलं. नऊ वर्षं ते मी आरशात पाहिलं होतं.

"हे दुरुस्त करून घ्या," तो साहेबांना तुटकपणे म्हणाला.

सोमवारी ती जुनी प्रत घेऊन माझ्या खोलीत आली आणि या वेळी गेली नाही. मी टाके उसवले. दोन्ही फर्मे शेजारी शेजारी ठेवले.

"साहेबांनी दुरुस्त करायला सांगितलंय," मी म्हटलं.

"सांगितलंय खरं."

"बसा. आधी खळ कशी लावतात ते बघा. तुमचं ते मत नऊ वर्षं वाकडं चिकटलं होतं."

ती स्टुलावर बसली. मी सुई ओवली आणि दोन्ही फर्मे होते तसेच, उलटे, शिवले. या वेळी मुद्दाम. नवी प्रत कपाटात आहे, ज्यांना आई परत हवी त्यांनी ती न्यावी. साहेबांनी पुस्तक उघडून पाहिलं, मान तेवढी हलवली.

दुपारी काचेतून पाहिलं तर मोजणीवाले काका तीच प्रत छातीशी धरून तिचे आभार मानत होते. शिवली मी, आभार तिचे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात तिने मागे वळून माझ्या दाराकडे बोट केलं, आणि काका टाचा उंचावून काचेतून मला हात करू लागले. तेव्हा तर मी आणखीच पेटले. इतकं चांगलं कुणी असतं का मेलं!