शिल्लक मालातली घट

पनवेलच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आमच्या वर्गात उरणकडची एक मुलगी होती. घर मिठागरवाल्यांचं. त्या गावातून कॉमर्सला आलेली ती पहिलीच. माझे वडील कचेरीत हेडक्लार्क. तिच्या 'हाय', 'नाय'ला वर्ग हसायचा आणि त्यात मीही असायचो. अकाउंट्समध्ये ती माझ्यापेक्षा सरस होती, हे मात्र मी तेव्हा कोणाजवळ कबूल केलं नाही.

वार्षिक परीक्षेत ती माझ्या पुढच्या बाकावर आली. प्रश्न एका कापड व्यापाऱ्याच्या ताळेबंदाचा होता. माझ्या दोन बाजू काही केल्या जुळेनात. तिची पुरवणी बाकाच्या कडेला सरकली होती. मी तिच्यातले आकडे उतरवून काढले, न समजता.

आठवड्याने सरांनी आम्हा दोघांना स्टाफरूममध्ये बोलावलं. दोघांच्याही पेपरात वर्षअखेरच्या शिल्लक मालातून दहावा हिस्सा वजा केलेला होता. प्रश्नात तसं कुठेच म्हटलेलं नव्हतं. कोणी कोणाचं पाहिलं, एवढंच त्यांना हवं होतं.

आधी मला विचारलं. फर्निचरवर दहा टक्के घसारा दिला होता, तो घाईत मालावरही लावला, असं मी सांगून टाकलं. ते इतकं सहज तोंडून आलं की माझं मलाच नवल वाटलं.

मग तिची पाळी.

"घट काढली, सर. माल वरीसभर पडून राहिला का कमी होतोच. आमच्यात तसंच लिवतात."

"कापड काय नुसतं पडून पडून कमी होतं का, बाई?"

स्टाफरूम हसली. मी हसलो नाही. पावसाळ्यात मिठाच्या राशी विरघळून खचताना ज्याने पाहिल्या असतील त्यालाच ही चूक सुचणार, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. सर बाहेरचे, त्यांना ते कळण्यासारखं नव्हतं. मला कळलं, आणि मी खाली बघत उभा राहिलो.

तिचा निकाल रद्द झाला. मला ताकीद मिळाली. जूनमध्ये ती परत आली नाही. मी पास झालो, बँकेत लागलो, आणि निवृत्त होताना माझ्या सचोटीवर दोघांनी भाषणं केली. शाल अजून कपाटात आहे.

गेल्या वर्षी शोधत तिच्या घरी गेलो. मिठागरं केव्हाच बुजली आहेत, तिथे इमारती आहेत, त्यातल्या दोन तिच्या मुलाने बांधलेल्या. मी सगळं सांगितलं.

"मी आता काय करू त्याचा?" ती म्हणाली. "माझा बापूस मरेपर्यंत बोलायचा, पोरीनं कॉपी केली, माझं नाक कापलं. त्याला सांगायला यायचं होतं. त्या परीक्षेनंतर वीस वर्सं जिता होता तो, हितंच."

मी पनवेलमध्येच होतो. गाडीने तासाचाही रस्ता नाही.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. हे कोण, असं तिने सासूला विचारलं.

"माझ्या वर्गात होते," ती म्हणाली. "लय हुशार."

मी चहा घेतला. पूर्ण प्यालो.